कर की थांब

प्रशांतला उशीर झाला म्हणून मी चिडले होते. शनिवारची सकाळ, साडेआठ वाजून गेलेले, टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतलं, आमचं पंख्याखालचं टेबल मी वीस मिनिटं अडवून बसलेली, आणि हातात ट्रे घेऊन जागा शोधणारी माणसं माझ्याकडे अशी बघत होती, की सिंगापूरमध्ये त्यालाच शिवी समजायचं. आमच्यातले तिसरे लिम अंकल, त्यांनी तिघांची कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणून ठेवली होती. प्रशांतच्या कपावर मी बशी झाकली, पाच मिनिटांनी काढली, परत झाकली… मला नुसतं बसवत नाही. शेवटी फोन लावला. एकदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा उचलला गेला आणि मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झाले, "अरे, कुठे मेलायस तू?"

फोनवर सुजाता होती. त्याची बायको. मागे माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी तिला इंग्रजीत बसायला सांगत होतं. मग ती म्हणाली, "ताई, प्रशांत गेला." बूट घालायला खाली वाकला तो उठलाच नाही. आमच्याकडे यायलाच निघाला होता.

याला सात आठवडे झाले. उशीर करणाऱ्या माणसाला मराठीत सगळे असंच विचारतात, त्यात काय, असं मला घरच्यांनी समजावलं. सुजातानेही समजावलं, तेही भेटायला आलेल्या बायकांना चहा देता देता. मला ते पटतं. पण हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहायला घेतलेला नाही. त्याच्या पाच आठवडे आधी, त्याच टेबलावर बसून, मी त्याला दुसरंच काही बोलले होते. तेव्हा मात्र अगदी विचार करून, मुद्देसूद, एकेका बोटावर मोजत बोलले होते. ते बोलणं मला आता झोपू देत नाही आणि बसूही देत नाही. हा मजकूर मी चार वेळा लिहून फाडलाय.

प्रशांत मेश्राम मूळचा नागपूरचा, इंदोऱ्याचा. शिकला तिथेच, मग कंपनीने त्याला दोन वर्षं अमेरिकेत पाठवलं, आणि तिथून तो सिंगापूरला आला तो इथलाच झाला. जमिनीखालून एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, बोगदे जातात त्यांच्या भिंतींची गणितं करायचा. माझं काम हार्बरफ्रंटला, एका जहाज कंपनीत, कुठलं जहाज कुठे किती दिवस अडकेल याचे अंदाज काढायचं. आमची ओळख व्हायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. एका संध्याकाळी रॅफल्स प्लेसच्या फलाटावर एका उंच, सावळ्या माणसाच्या डोक्यावर मी एक टोपी पाहिली. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका बेसबॉल टीमची टोपी. त्याच शहरात मी एमएस केलं होतं आणि आयुष्यातली पहिली थंडी तिथेच काढली होती. त्या टीमचं नाव मी इथे लिहीत नाही; नेहमी हरणाऱ्या नातेवाइकाची चारचौघांत ओळख करून देऊ नये. आदल्याच दिवशी ती टीम दहा धावांनी आपटली होती. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सॉरी अबाउट यस्टरडे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मराठी का?"

तीन शब्दांत माझं इंग्रजी ओळखलं गेलं याचा मला राग आला. तो पुढे म्हणाला, "पुण्याची दिसते," आणि मग तर फारच आला. पण गाडी आली, आम्ही दोघं चढलो, आणि माझं स्टेशन उलट्या दिशेला होतं हे टॅम्पिनीस येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवसापासून तो मला 'अनघाबाई' म्हणायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, हे सांगूनही.

ज्यांनी बेसबॉल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं सांगते. वैतागू नका, लागेल तेवढंच. उन्हाळाभर रोज सामना असतो, म्हणजे इथे रोज सकाळी, ऑफिसला निघायच्या गडबडीत. थंडीत चार-साडेचार महिने खेळ बंद. आणि खऱ्या वेड्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. कारण त्या महिन्यांत टीम एकमेकांत खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणायचं. आणि लहानसहान गावांतल्या खालच्या टीममध्ये अठरा-एकोणीस वर्षांची पोरं तयार होत असतात, ती प्रॉस्पेक्ट. त्यांपैकी कोण मोठा होईल, कोण तिथेच सडेल, कोणालाच ठाऊक नसतं. तेव्हा प्रत्येक हिवाळ्यात एकच प्रश्न असतो. आज हाताशी असलेलं कोवळं पोरगं देऊन एक तयार खेळाडू आणायचा, की पोरगं पिकेपर्यंत कळ काढायची? कर की थांब?

पहिल्याच हिवाळ्यात या प्रश्नावरून आमचं कडाक्याचं वाजलं. आमच्या टीमकडे एक एकोणीस वर्षांचा आउटफिल्डर होता. आउटफिल्डर म्हणजे पार लांब, कुंपणाच्या बाजूला उभं राहून उंच आलेले चेंडू पकडणारा. या पोराचा एक व्हिडिओ कोणीतरी स्टँडमधून फोनवर काढलेला, हलता, निम्म्यात कोणाचं तरी डोकं. प्रशांतने तो मला किमान तीस वेळा दाखवला असेल. "चेंडू बघू नको, पोट्ट्याचा पाय बघ. बॅटचा आवाज यायच्या आधी निघते तो. आधी! हे शिकवून येत नाही." मी म्हणायचे, पाय ठेव बाजूला, त्याचे आकडे बघ, तीनातून एकदा हा भोपळा हातात घेऊन परत येतो, चांगली किंमत येतेय तोवर देऊन टाका. तो म्हणाला, आकड्यांना डोळे नसतात. मी म्हणाले, डोळ्यांना अक्कल नसते. मग तो म्हणाला की तुम्ही पुण्याचे लोक माणूस समोर उभा असला तरी त्याचा अर्ज वाचता. मग मीही काहीतरी बोलले, इथे छापण्यासारखं नाही. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन चाळिशीला आलेली माणसं, एका पोराच्या पायावरून! आमच्या ट्रेडवाल्यांनी त्या पोराचं काय केलं? काहीच नाही. तो पुढल्या वर्षी गुडघा दुखवून घरी बसला. गुडघा दोघांच्याही हिशेबात नव्हता.

आमची समजूत घातली ती लिम अंकलनी. ते प्रशांतच्याच इमारतीत राहतात, निवृत्त पीटी शिक्षक; तीस वर्षं शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवला, त्यामुळे बेसबॉल कळणारा आमच्या ओळखीतला तिसरा माणूस. भांडखोर मुलींसाठी त्यांच्याकडे एक युक्ती होती, तीच त्यांनी आम्हाला लावली. काया जॅमची, म्हणजे नारळाच्या गोड जॅमची, रिकामी बरणी, तिच्यात दोन चिठ्ठ्या. एकीवर 'कर', एकीवर 'थांब'. चर्चेआधी दोघांनी एकेक काढायची. जी येईल ती बाजू मांडायची, तुम्हाला पटो न पटो, आणि ती जीव तोडून मांडायची. निकाल अंकल देणार. आणि सगळ्यात कडक नियम हा, की स्वतःचं खरं मत हंगाम सुरू होईपर्यंत कोणी सांगायचं नाही. "देन नोबडी अँग्री लाह," अंकल म्हणाले. "नॉट यू टॉकिंग, द पेपर टॉकिंग."

हे इतकं जमलं की विचारू नका. सात हिवाळे आम्ही दर शनिवारी चिठ्ठ्या काढल्या. मी प्रत्येक आठवड्यात तयारी करून जायचे. नवरा म्हणायचा, ऑफिसच्या कामाला इतकी मेहनत घेतली असतीस तर… प्रशांत तयारी कधीच करायचा नाही. चिठ्ठी उघडायचा, तिच्याकडे बघून मान हलवायचा, आणि बोलायला लागायचा तो डाव्या हाताने प्राटा, म्हणजे इथला पराठा, मोडत. आणि काय बोलायचा! ज्या पोराला तो मनातून देव मानत असेल त्याला 'थंडीतच विकून टाका' म्हणून असा सोलायचा, की बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघायचे. वर्षानुवर्षं मला त्याचं एकाही खेळाडूबद्दल खरं मत हिवाळ्यात कळलं नाही. एप्रिलमध्ये तो एकदम सगळी सांगायचा, आणि निम्मी माझ्यासारखीच निघायची. आम्ही परत कधी भांडलो नाही. भांडण टळावं म्हणून आणलेला हा नियम आमच्या अंगात इतका मुरला, की आम्ही तो घरच्या गोष्टींनाही लावू लागलो. कार घ्यायची का, माझ्या मुलाला शाळा बदलून द्यायची का, त्यांनी फ्लॅट बदलायचा का. काढ चिठ्ठी. मजा यायची. दुसरी बाजू ऐकून डोकं साफ होतं असं आम्ही लोकांना सांगायचोही, मोठ्या तोऱ्यात.

नोव्हेंबरच्या शेवटी प्रशांतला जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं. तपासण्या झाल्या. तीन ठिकाणी अडथळे, बायपास करावी लागेल. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. लवकर केलेली बरी, गोळ्या वेळेवर घेतल्या, दगदग केली नाही, तर काही आठवडे थांबता येईल, पण जोखीम राहणारच, निर्णय तुमचा. हे सगळं मला त्यानेच टेबलावर सांगितलं, डिसेंबरातल्या एका शनिवारी. जानेवारीच्या शेवटी नागपुरात त्याच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. एकुलता एक मामा. आत्ता ऑपरेशन केलं तर विमानप्रवास बंद, लग्न बुडालं. लग्नानंतर केलं तर सगळंच होतं, शिवाय येताना नागपूरहून आई सोबत येऊ शकते.

"तर आज वेगळा ट्रेड आहे, अनघाबाई," तो हसत म्हणाला आणि बरणी पुढे सरकवली. "काढा."

अंकलनी बरणीवर हात ठेवला. "धिस वन डोन्ट प्ले प्ले. आस्क डॉक्टर."

"डॉक्टर सेज, माय डिसिजन," प्रशांत म्हणाला. "सो आय आस्क माय एक्स्पर्ट."

मला 'एक्स्पर्ट' म्हटलेलं आवडलं. लपवत नाही. अंकल उठून ट्रे परत ठेवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी चिठ्ठी काढली. 'थांब' आली. त्याच्या वाट्याला राहिली 'कर'. म्हणजे ऑपरेशन लगेच करावं, ही बाजू त्याची.

माझं खरं मत काय होतं? लगेच कर, हेच. तो बोलायला लागला तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच होतं. लग्न गेलं खड्ड्यात, उद्या जाऊन भरती हो. पण हातात चिठ्ठी होती. आणि मी सुरू झाले. डॉक्टर स्वतः आठवडे म्हणालेत, तास नाही म्हणाले. गोळ्या काम करतायत, मागच्या दहा दिवसांत एकदाही दुखलेलं नाही. मन शांत नसताना घेतलेलं ऑपरेशन आणि घरचं कार्य पार पाडून, आई उशाशी असताना झालेलं ऑपरेशन, यांत बरं व्हायला कुठे सोपं? आणि लग्न बुडवून तू इथे पडून राहिलास तर तुझा रक्तदाब कुठे जाईल? एकामागून एक मुद्दे. मी त्यांची तयारी केली नव्हती, तरी ते येत होते, कारण सात वर्षांत मी याच कामात तरबेज झाले होते. एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी 'थांब, पिकू दे' म्हणून मी जे जे शिकले होते, ते सगळं मी पंचेचाळीस वर्षांच्या एका हृदयाला लावलं.

प्रशांत त्या दिवशी वाईट भांडला. दोन मुद्दे मांडले, तिसऱ्याला अडखळला, मग माझ्याकडे बघून हात वर केले. "जिंकलीस बाई. बोलती बंद." आणि मला आनंद झाला. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण झाला. सात वर्षांत पहिल्यांदा तो निकालाआधी हरला होता.

नंतर तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. सिग्नलला उभे होतो. लाल दिवा, टिक टिक आवाज. रस्त्याकडे बघतच त्याने विचारलं, "खरं काय वाटते तुले?"

तो माझ्याशी कधी 'तुले-मले'त बोलायचा नाही. ते घरचं, आईशी बोलायचं. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. अहो, दगडाला कळलं असतं! मी काय म्हणाले? "नियम म्हणजे नियम. एप्रिलमध्ये सांगेन." आणि हसले. तोही हसला. हिरवा दिवा लागला आणि आम्ही रस्ता ओलांडला.

सांगू उद्या, असं मनात होतं. खरंच होतं. मग ऑफिसात वर्षअखेर आली, सगळी जहाजं एकाच वेळी कुठे ना कुठे अडकली. बुधवारी त्याने विमानाच्या तिकिटांचा फोटो पाठवला. मी लिहिलं, "मस्त! सुजाता कुठली साडी नेसतेय?" पुढच्या शनिवारी परत बेसबॉलच. जणू तो विषय निकालात निघालेला ट्रेड होता. त्यानंतरचे शनिवारही तसेच गेले, आणि मग तो शनिवार आला जो मी सुरुवातीलाच सांगितला. जायच्या आधी नऊ दिवस.

मंडाईच्या स्मशानभूमीत भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. मी मागे उभी होते. त्याची सोळा वर्षांची मुलगी, मैत्रेयी, सगळं अगदी स्पष्ट म्हणत होती. एरवी ती आमच्याशी इंग्रजीशिवाय बोलत नाही. अंकल काळा शर्ट घालून आले होते आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले नाहीत. मला ते बरोबर वाटलं. नंतर त्यांचा फोन आला, म्हणाले, मी बरणी फेकून द्यायला हवी होती त्या दिवशी, माझ्या हाताखाली होती. म्हणजे तेही झोपत नाहीयेत.

सात आठवड्यांत मी माझ्या नवऱ्याला वात आणलाय. मी अर्ध्या वाटेत बसमधून उतरते. स्वयंपाक करता करता मध्येच वाद घालायला लागते, प्रशांतच्या बाजूने, 'कर'च्या बाजूने, आणि दर वेळी दोन मिनिटांत जिंकते. इतके सोपे मुद्दे होते! त्याने का नाही मांडले? कधी वाटतं त्याचं आधीच ठरलं होतं, चिठ्ठी नुसता खेळ. कधी वाटतं त्याला भीती वाटत होती आणि कोणीतरी त्याला दंडाला धरून ओढत न्यावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि मी त्याला मुद्दे ऐकवले. हे आता कोण सांगणार? मला त्याचाही राग येतो. एवढा मोठा माणूस, हृदयाचा प्रश्न बरणीत टाकतो? मग सिग्नल आठवतो… आणि राग परत घरी येतो, माझ्यावर.

मागच्या रविवारी मी टॅम्पिनीसला सुजाताकडे गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. ती तिथल्याच एका बालवाडीत शिकवते. टेबलावर कागदी फुलपाखरं कापून ठेवलेली, शेकडो. मीही कात्री घेतली. दोन फुलपाखरं झाल्यावर सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, मुद्दे, सिग्नल, आणि माझं खरं मत.

ती कापत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मले. घरी येऊन सांगितलं ना त्याने. अनघाबाई जिंकली म्हणे."

"तुला काय वाटत होतं?"

"तेच. लगेच करावं."

"मग तू बोलली का नाहीस गं?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने कात्री खाली ठेवली. "कसं बोलू, ताई? लग्न नणंदेच्या पोरीचं. मी नको म्हटलं असतं तर जन्मभर झालं असतं, वहिनीने भावाला येऊ दिलं नाही. वाटलं, तुम्ही तरी सांगाल. तुमचं ऐकते तो." आणि मग, परत कात्री उचलत, "त्याच्या बहिणीचा फोन येतो रोज. रडते. म्हणते, वहिनी, एकदा म्हणायचं होतं ना, लग्न पुढे ढकला. मी ढकललं असतं."

म्हणजे आम्ही तिघी. तिघींना एकच वाटत होतं. माझ्याकडे नियम होता, सुजाताकडे नणंद होती, नणंदेला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मध्ये तो, हातात 'कर'ची चिठ्ठी घेऊन, एकटा. आम्ही दोघी रडलो. मी तिच्या कागदी फुलपाखरांवर रडले, आठ-दहा तरी खराब केली असतील.

तोंड धुऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "आता मले एक सांगा. नागपूरले परत जायचं म्हणते मी. मैत्रेयीची परीक्षा झाली की. इथे पीआर आहे, कायम राहता येते, नोकरी आहे. पण तिथे सासूबाई एकट्या आहेत. भाऊ म्हणते ये, मैत्रिणी म्हणतात राहा. तुम्हाला काय वाटते? खरं."

माझ्या तोंडून आधी सवयीचंच बाहेर पडत होतं, दोन्ही बाजू बघायला हव्यात. जीभ चावली. "राहा," मी म्हणाले. "मला वाटतं तू राहावंस." आणि मग मी तासभर भांडले. मैत्रेयीचं शिक्षण, तिची स्वतःची नोकरी, सासूबाईंना इथे आणता येईल, नागपुरात गेलीस तर तू चार दिवसांत 'मेश्रामांची विधवा सून' होशील, इथे तू सुजाता आहेस. आणि हेही सांगितलं, की तू गेलीस तर या घरात मला यायला जागा उरणार नाही, हा माझा स्वार्थ आहे, तोही मोजून घे. इतकं वाईट मी कधीच भांडले नव्हते. मुद्दे एकमेकांत घुसत होते, आवाज चढत होता. सुजाता ऐकत होती. मध्ये एकदा तिने चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवली. समोरच्याचा मुद्दा लागला की प्रशांत असंच करायचा, पुढ्यातलं खाणं त्याच्याकडे सरकवायचा, घे, कमावलंस म्हणून. तिला माहीतही नसावं आपण काय केलं ते. मी चिवडा खाल्ला आणि परत सुरू झाले.

शेवटी माझं संपलं. मी पाणी प्यायले. सुजाताने बराच विचार केला, एकेक गोष्ट परत माझ्याकडून वदवून घेतली, आणि मग मान हलवली.

"नाही, ताई," ती म्हणाली. "नाही पटलं मले. मी जाते."

डिसेंबरातल्या त्या शनिवारी टेबलावर, समोर बसून, 'नाही पटलं मले' एवढंच तो मला म्हणाला असता तर…